साळूबाईचा साळूबाईला इरोध

गावाचं नाव मी सांगनार न्हाई. सांगितलं की उद्या कोनतरी मोबाईलवर टाकनार, आन परवा सगळं गाव माज्या टोपलीपाशी भांडायला हजर. कृष्णाकाठी हाय, नगरपंचायत हाय, कराडहून सांगलीला जाताना यष्टी पाच मिंटं थांबती, एवढं बास. मी साळूबाई. बत्तीस वर्सं झाली, मंगळवारच्या बाजारात भाजी इकते. आन गेल्या साली मी राजकारनात शिरले. हसू नगा. माजी सून बी अशीच हसली हुती, तिला मी दोन दिस बोलले न्हाई.

शिरले ती एकाच कामासाटी. आमच्या बाजारात बायकास्नी जायला जागा न्हाई. संडास म्हना, मुतारी म्हना, काय बी न्हाई. पहाटं पाचला आमी जागा धरून बसतो ते सांजच्याला सातला उठतो. म्हनून बाजाराच्या आदल्या सांजपास्नं मी पानीच पीत न्हाई. बत्तीस वर्सं असंच. शेवटी व्हायचं ते झालं, मुतखडा झाला. कराडचा डाक्टर म्हनला, "मावशी, पाणी भरपूर प्यायचं." मी म्हनलं, "पिते की बाबा. आन मंग जाऊ कुटं, तुज्या दवाखान्यात?" त्यानं गोळ्या लिवून दिल्या आन म्होरल्या पेशंटाला हाक मारली.

तवा मी ठरवलं, जो पक्ष ह्ये काम जाहीरनाम्यात लिवंल त्यो माजा. दोन मोठ्या पुढाऱ्यांकडं जाऊन आले. एकानं "नक्की करू मावशी" म्हनून कॅलेंडर दिलं, दुसऱ्यानं "नक्की करू आक्का" म्हनून छत्री दिली. छत्री चांगली हाय, अजून वापरते.

मंग कळलं, सुभेदार लालासाहेबांनी नवा पक्ष काढलाय, 'सरळ वाट' म्हनून. सुभेदार म्हंजी आमच्याच गावचं, अठ्ठावीस वर्सं पलटनीत काढून घरी आल्यालं. मानूस रिटायर झालाय, मिशी अजून ड्यूटीवर हाय. पक्षाचं हापीस त्यांच्या ट्रॅक्टरच्या शेडात. माणसं मोजून धा, मी गेले तवा अकरा झाली. शेडाच्या भितीवर निळ्या रंगानं पक्षाची तीन तत्त्वं लिवल्याली: घरात बोलाल तेच चौकात बोला, ज्याचं दुखतं त्याला आधी विचारा, आन विरोध झाल्याबिगर ठराव न्हाई.

पैली दोन मला लगीच पटली. तिसरं वाचून मी म्हनलं, "आवं सुभेदार, पक्षात भांडनं लावायची तर आमचं घर काय वाईट हुतं?"

तवा त्यांनी राजस्थानातली गोष्ट सांगितली. मोठ्या सायबानं ईचारलं, गाड्या नाला पार करतील का? समद्यांनी छाती काढून सांगितलं, "येस सर!" सुभेदारांनी सुदिक. चार गाड्या नाल्यात रुतल्या आन सगळी तुकडी तीन दिस चनं खात बसली. "एका जरी मानसानं 'नो सर' म्हटलं असतं, तर जेवन गरम मिळालं असतं," सुभेदार म्हनलं. "पक्ष मला तिथंच सुचला."

तर पक्षाचा नियम असा. कुनी काय बी मांडलं की सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या पलटनीतल्या जर्मनच्या, म्हंजी अॅल्युमिनच्या, मगात टाकायच्या. ज्याची निगंल त्यानं धा मिंटं त्या ठरावाला इरोध करायचा. इरोध मनापास्नं पायजे, खरा पायजे. थातुरमातुर केला तर सुभेदार शिट्टी वाजवनार. दोन शिट्ट्या झाल्या की कच्चा इरोध, आन ठराव म्होरल्या महिन्यात. इरोध पक्का झाला तर मंग हात वर करून मतं.

सुरवातीला मला ह्यो पोरखेळ वाटला. पर बघता बघता मजा यायला लागली. आमचा धैर्यशील, बागायतदाराचा ल्योक, तीस एकर ऊस, गळ्यात चेन, मनानं मातुर दुधासारका. "रस्ते चकाचक करू" ह्या ठरावाला इरोधाची चिठ्ठी निगाली त्याची. त्यानं घाम पुसला. मंग म्हनला, "खरं सांगू का? रस्ते आमच्याच उसाच्या ट्रॉल्या फोडत्यात. भरायच्या तेवढ्या भरतो, वर आनि दोन टन. नवा रस्ता केला तर तो बी आमीच फोडू." आता बोला! त्या दिशी "रस्ते चकाचक" पडलं आन "सीझनात उसाच्या ट्रॉल्या बाजारपेठेतनं न्हाई, भायेरच्या रस्त्यानं" असं वचन झालं. धैर्यशीलच्या बापानं चार दिस त्याच्यासंगं आबोला धरला.

तसंच एकदा यष्टी स्टँडावर फुकट इंटरनेटचा ठराव आला. इरोधाला आकाराम निगाला. ह्यो मानदेशातला, पैलं मेंढरं घेऊन हिंडायचा, आता गावाच्या कडंला पाच एकर केल्याती. महिन्यात धा शबूद बोलनारा मानूस. त्यो हुबा ऱ्हायला आन म्हनला, "पोरं आत्ताच यष्टी चुकवत्यात." आन बसला. सुभेदारांनी शिट्टी तोंडापतुर नेली, इचार केला आन खाली ठेवली. ठराव आडवा.

आसं करत करत जाहीरनाम्यात सा वचनं पक्की झाली. सुभेदारांचं म्हननं, वचनं सातच. आठवं आलं की मानूस पैलं इसरतो. म्हंजी उरली एकच जागा, आन ती मला पायजे हुती. निवडनूक म्होरल्या महिन्यात. आता न्हाई तर पाच वर्सं न्हाई.

त्या ऐतवारी शेवटची बैठक. सोमवारी सकाळी कागद सांगलीच्या छापखान्यात जायाचा हुता. नेनार क्रांती. ही पोरगी कुपवाडच्या एमआयडीसीत माल तपासायचं काम करती, दर ऐतवारी गावी येती. पक्षाचं रजिस्टर तिच्याकडं. कोन काय बोललं त्यातला शबूद न् शबूद लिवून घेती. एकदा मी शिंकले ते बी लिवलं हुतं.

सातव्या जागेसाटी ठराव दोन. एक माजा, दुसरा धैर्यशीलचा. त्याला गावाच्या वेशीवर कमान पायजे हुती, लायटिंगची, खाली फोटो काढायला जागा. "आक्का, पैला तुमचा घेऊ," त्यो म्हनला, "तुमचा पडला तरच माजा." गुनाचं पोर. पर मला ठावं हुतं, सात-आठ गड्यास्नी मनातनं कमानच पायजे हुती. त्यांच्या डोळ्यात लायटिंग दिसत हुतं.

क्रांतीनं माजा ठराव वाचला. भाषा तिनंच करून दिल्याली, लय देखनी: "बाजारपेठेत महिलांसाठी सोयीच्या ठिकाणी सुसज्ज स्वच्छतागृह बांधू." ऐकून माजाच ऊर भरून आला. मंग तिनं मग हालवला, चिठ्ठी काढली, उघडली, आन माज्याकडं बघाय लागली.

"कोन हाय गं?" मी ईचारलं.

"आक्का," ती म्हनली, "तुम्हीच आहात."

शेडात आसा हशा पिकला की भायेर म्हैस बुजली. मी बी हसले. मंग लक्षात आलं की सुभेदार हसंना झाल्यात.

"आवं, मी माज्याच ठरावाला कसा इरोध करू? दुसरी चिठ्ठी काढा."

"रजिस्टर बघ क्रांती," सुभेदार म्हनलं. "मांडनाऱ्याची चिठ्ठी आधी काढून ठेवायची, असं कुटं लिवलंय?"

तिनं सगळी पानं उलटली. कुटंच न्हाई. वर्सभरात सोळा ठराव झालं, कवा मांडनाऱ्याचीच चिठ्ठी निगाली न्हवती, म्हनून कुनाच्या ध्यानातच आलं न्हवतं. आकरा शाने वर्सभर त्यो नियम पाळत बसलो, आन त्याला ह्ये एवढं मोठं भोक!

"नियम मी केला," सुभेदार म्हनलं. त्यांचा आवाज बारीक झाला. "आज मीच मोडला तर उद्या त्यो कुनीबी मोडंल. साळूबाई, हुबं ऱ्हावा."

मला आसा राग आला! आता बघा माजी पंचाईत. इरोध कच्चा केला तर ठराव म्होरल्या महिन्यात, म्हंजी जाहीरनाम्यात न्हाई. आन पक्का केला तर माजाच ठराव पडनार. दोनी कडनं मीच मरनार. मिशीला धरून वडावं असं वाटलं त्या सुभेदाराला.

हुबी ऱ्हायले. म्हनलं, "स्वच्छतागृह बांधलं तर... जागा जाईल. आन घान हुईल."

शिट्टी वाजली.

"साळूबाई, ह्ये कच्चं हाय. अजून एकच शिट्टी."

त्या शिट्टीनं माजं डोस्कंच फिरलं. बत्तीस वर्सं पोटात दाबून धरल्यालं, आन ह्यो मानूस मला कच्ची म्हनतोय?

"कच्चं? ऐका मंग!" मी म्हनलं. "आठ वर्सांमागं बांधला हुता की एक. मटन मार्केटच्या मागं. नारळ फुटला, फोटो निगालं, पेढं वाटलं. मी एकदाच गेले. वाट पानटपरीच्या म्होरनं. तितं धा-पंधरा बापय बसल्यालं. एकानं ईचारलं, 'मावशी, कुटं निगालाय?' मी म्हनलं, 'कुटं न्हाई, कोथमीर बघतीया.' मटन मार्केटच्या मागं कोथमीर! तशीच माघारी फिरले ती पुना गेले न्हाई. बांधनारा गवंडीच म्हनला, दाराला कडी भायेरनं. आतनं न्हाई! आमाला कोंडायचं हुतं व्हय? टाकी हाय तर पानी न्हाई. किल्ली एका मानसाकडं, आन त्यो मानूस कुटं हाय ह्ये देवाला ठावं. आता तितं शेरडं बांधत्यात. शेरडांची लय सोय झाली."

कोन हसलं न्हाई. मला तर आता थांबताच येईना.

"आन ह्या ठरावात काय लिवलंय? सोयीच्या ठिकाणी! कुनाच्या सोयीच्या? तुमी बांधनार, तुमीच जागा बघनार. बांधायचं म्हनलं की गड्यास्नी लय हुरूप येतो, नारळ फोडायला मिळतो. झाडनार कोन, पानी भरनार कोन, दार कोन उघडनार, ह्ये ह्यात एका शब्दानं न्हाई. आन तुमास्नी काय म्हनून उपेग? ठराव मांडला मी! साळूबाई, भितीवर काय लिवलंय? ज्याचं दुखतं त्याला आधी ईचारा. तू शेजारच्या रंगुबाईला ईचारलंस? न्हाई. का? लाज वाटली म्हनून. बत्तीस वर्सं एकमेकीच्या मांडीला मांडी लावून बसलो. नवऱ्यानं मारल्यालं सांगितलं, सून काय बोलली ते सांगितलं, पर ह्ये कवा सांगितलं न्हाई. बाजारात चाळीस बायका हायेत, चाळीसजनी तोंड मिटून दाबून बसत्यात, आन मी आपली हितं येऊन देखन्या भाषेत एक वळ लिवून घेतली. ह्यो ठराव मंजूर झाला तर शेरडांना दुसरी खोली मिळंल, बाकी काय हुनार न्हाई. माजा इरोध हाय!"

खाली बसले. शिट्टी काय वाजली न्हाई.

मतं झाली. ठरावाच्या बाजूनं एक हात वर न्हाई. इरोधात आकरा. अकरावा माजा. घरात बोलते तेच चौकात बोलायचं, तर आत्ता जे बोलले त्याच्या उलटा हात कसा वर करू? केला हात वर, आन पदर डोळ्याला लावला. रडले. सांगायला लाज कसली, हमसून रडले. माज्या तोंडानं माजं काम मीच मोडलं हुतं.

सुभेदार खाकरलं. "दुसरा ठराव. धैर्यशील, कमान."

धैर्यशील हुबा ऱ्हायला. हातातला कमानीचा फोटो उलटा-सुलटा करत ऱ्हायला. मंग म्हनला, "आमची आई बाजारातनं आली की कुनासंगं न बोलता आत पळती. मला आजपतुर वाटायचं, बाजारात कुनासंगं तरी भांडून आली आसंल." आन म्होरं म्हनला, "कमान ऱ्हाऊ द्या. क्रांती, आक्का आत्ता काय काय बोलल्या ते वाच बरं."

क्रांती वाचायला लागली. पोरीनं सगळं उतरवलं हुतं, कोथमीर सुदिक. वाचता वाचता ती थांबली. "अहो, हा विरोध नाहीच," ती म्हनली. "आमच्याकडं माल परत पाठवला की सोबत कागद जातो, काय चुकलं आणि काय पाहिजे त्याचा. हा तसा कागद आहे. वाट टपरीसमोरून नको. कडी आतून पाहिजे. टाकीत पाणी रोज कोण भरणार त्याचं नाव लिहिलेलं पाहिजे. किल्ली बाजारात बसणाऱ्या बाईकडं पाहिजे. आणि जागा बाजारातल्या बायका ठरवणार, नगरपंचायत नाही. यात आपल्याला काय घालायचंय अजून?"

"मी मांडतो हा ठराव," धैर्यशील म्हनला.

पुना चिठ्ठ्या. ह्या बारीला निगाला आकाराम. त्यो हुबा ऱ्हायला, टोपी काढली, पुना घातली. आमी म्हनलं, आता ह्यो काय बोलनार?

"माजा इरोध हाय," त्यो म्हनला. "ठरावाला न्हाई, मांडनाऱ्याच्या नावाला. मेंढरं बाईनं राखली आन कळप धैर्यशीलच्या नावावर, आसं आमच्यात चालत न्हाई. साळूबाईचं नाव लावा." आन बसला. इतकं लांबलचक बोलून त्याला दम लागला हुता.

सुभेदार म्हनलं, "ह्यो पक्का इरोध हाय. मान्य." धैर्यशीलचं नाव खोडलं, माजं लिवलं. आकराच्या आकरा हात वर झालं. सातवी जागा मला मिळाली. कुनीतरी टाळ्या वाजवल्या, आन बाकीच्यांनी बी वाजवल्या.

मंग सुभेदार म्हनलं, "आता नियमातलं भोक बी बुजवू. हितनं म्होरं मांडनाऱ्याची चिठ्ठी मगात घालायची न्हाई."

"घालायची!" मी म्हनलं. "माजा ठराव माज्याएवढा कुनाला पाडता आला असता? त्यातली लबाडी मलाच ठावं हुती."

सुभेदारांनी मिशीवरनं हात फिरवला आन क्रांतीला म्हनलं, "जसा हाय तसा ऱ्हाऊ दे नियम."

सोमवारी क्रांती सांगलीला गेली. सांजच्या यष्टीनं ड्रायव्हरपाशी गठ्ठा धाडला बी. मंगळवारी मी भाजीच्या टोपलीबरुबर जाहीरनाम्याचा गठ्ठा घेऊन बाजारात बसले. सातव्या वचनाखाली छापल्यालं हुतं: सूचक, साळूबाई, भाजीवाली. शेजारी रंगुबाई, ती अंडी इकती. नऊच्या सुमाराला गिराईक जरा कमी झालं तशी मी तिच्याकडं सरकले आन हळूच तिच्या कानात सातवं वचन वाचून दावलं. एकदम बारीक आवाजात. कोन ऐकंल म्हनून.

रंगुबाईनं कागद माज्या हातातनं वडून घेतला. डोळ्याजवळ धरला, लांब धरला. मला वाटलं, आता रडती का काय.

"किल्ली बाईकडं? कंच्या बाईकडं?" ती आसं मोठ्यानं वरडली की समोरचा कांदेवाला दचकला. "एका बाईकडं किल्ली दिली आन तीच बाजाराला आली न्हाई तर? आमी काय तिच्या नावानं बोंबलत बसायचं? दोन किल्ल्या पायजेत!"

"काय गं, कशाच्या किल्ल्या?" पलीकडनं टमाटंवाल्या मायानं ईचारलं. तिच्या मांडीवर तिचं सा महिन्याचं लेकरू. रंगुबाईनं तिला सगळं वाचून दावलं, बारीक आवाजात न्हाई, लिलावासारकं. "आन लेकराला कुटं ठेवायचं?" माया म्हनली. "मी आत गेल्यावर ह्येला काय टमाट्यात ठिवू? आत आडवी फळी तरी पायजे एक." मिरचीवाली म्हनली, सांजच्याला दिवा पायजे. तिच्या मागची म्हनली, मटन मार्केटची जागा नगंच, शाळंमागची बरी. लगीच दुसरी तिच्या अंगावर धावली, शाळंमागं चिकूल आसतो, तुला काय ठावं? घटकाभरात बाजाराची ती सगळी वळ वरडाय लागली. टोपल्या तशाच टाकून बायका माज्याभवती गोळा झाल्या. माज्या वचनाला नाव ठेवल्याबिगर एक बी बाई ऱ्हायली न्हाई.

पानटपरीवरचं बापय इकडं बघाय लागलं. एकजन म्हनला, "काय झालंय गं मावशी?"

"आमाला मुतायला जागा पायजे!" रंगुबाईनं तिथनंच सांगितलं. "तुला काय कोथमीर पायजे का?"

त्या कोथमिरीचं तिला कुनी सांगितलं म्हनून मी ईचारलं. ती म्हनली, "आगं, मी बी एकदा गेले हुते तितं. आमी समद्याजनी तेच सांगतो." बत्तीस वर्सं शेजारी बसून मला ह्ये ठावं न्हवतं. एवढा आनंद मला माज्या पोराच्या लग्नात सुदिक झाला न्हवता, खरं सांगते.

मोबाईल काढला. कुपवाडला क्रांतीला लावला. मागं मशीनचा आवाज येत हुता.

"काय झालं आक्का? छपाई चुकली का?"

"छपाई झ्याक हाय," मी म्हनलं. "पर सातव्या वचनाला लय पक्का इरोध झालाय. ऐतवारी बैठक लाव पोरी, पुरवनी काढावी लागंल. आन सुभेदारांना सांग, चिठ्ठ्या जास्त करून ठेवा. आमी चौदाजनी येतोय."